दिवस भरत आलेत आणि बाबा अंथरुणाला खिळलेत: दोन्ही सांभाळायचं कसं

माझ्या सातव्या महिन्यात आमच्या फ्रिजवर एकच कॅलेंडर लावलेलं होतं. बाबांच्या केमोच्या तारखा निळ्या पेनाने, माझ्या तपासण्या लाल पेनाने. एका मंगळवारी दोन्ही रंग एकाच चौकोनात आले आणि मी बाबांबरोबर गेले. माझी तपासणी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून राहिली, ती तीन आठवडे राहिली. मधल्या काळात डोकं दुखायचं. जागरणाने दुखत असेल, असं मी धरून चालले होते. शेवटी बाबांचं बीपी बघून झाल्यावर नर्सने सहज माझ्या दंडाला पट्टा लावला आणि आकडा बघून मला तिथून हलू दिलं नाही.

वेळेत कळलं म्हणून निभावलं. पण त्या दिवशी जे समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. पोटात बाळ असताना आईची किंवा वडिलांची शुश्रूषा करता येते. मात्र कामाची वाटणी बदलावी लागते: अंगमेहनतीची कामं दुसऱ्यांना द्यायची आणि जवळ बसण्याचं काम स्वतःकडे ठेवायचं. आपण बहुतेक जणी नेमकं उलट करतो. दिवसभर चादरी, भांडी, औषधं, रिपोर्ट यांत राबतो आणि आईबाबांशी बोलायला रात्री अंगात त्राण उरत नाही.

तुम्ही स्वतः गरोदर असाल तर हे तुमच्यासाठी आहेच. पण बायको गरोदर आणि आई आजारी, अशा कात्रीत सापडलेल्या मुलानेही वाचावं, कारण खालची निम्मी कामं त्याच्या वाट्याला येणार आहेत.

१. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा

आईबाबांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: 'मी गरोदर आहे, अमुक महिना चालू आहे, आणि घरी यांचं मी बघते.' तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगा: 'घरी गंभीर आजारी माणूस आहे, आजार हा, औषधं ही.' औषधांच्या चिठ्ठीचा फोटो दाखवा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आम्हाला हे चार महिने सुचलं नव्हतं.

त्याच भेटीत एक अवघड प्रश्न विचारायचा असतो. 'किती दिवस आहेत?' असं विचारलं की डॉक्टर सहसा टाळतात, कारण आकडा कुणालाच देता येत नाही. त्याऐवजी असं विचारा: 'आम्ही वर्षांचा विचार करायचा, महिन्यांचा, आठवड्यांचा की दिवसांचा?' याचं उत्तर बहुधा मिळतं. पुढची सगळी आखणी त्या एका शब्दावर उभी राहते. बाळाची तारीखसुद्धा अंदाजच असते. दिवस भरलेलं बाळंतपण ३७ ते ४२ आठवड्यांच्या मधे कधीही होऊ शकतं, म्हणजे तिकडेही पाच आठवड्यांचा पट्टा धरायचा. हे दोन पट्टे एकमेकांवर येतात का, ते आधी बघा.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, याबद्दलही तेव्हाच विचारा. ही सेवा फक्त शेवटच्या दिवसांत घ्यायची असते असा मोठा गैरसमज आहे. वेदना, धाप, मळमळ आणि भीती आटोक्यात ठेवणारे हे डॉक्टर आणि नर्स उपचार चालू असतानाही सोबत असू शकतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस तर बरे गेलेच, शिवाय ते सरासरीने जास्त जगले. आणि घरी येणारी एक अनुभवी नर्स गरोदर बाईच्या डोक्यावरचं किती ओझं उतरवते, ते मी पाहिलेलं आहे.

२. गरोदरपणी कशाला हात लावायचा, कशाला नाही

इथे दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, आजाऱ्याच्या खोलीत पाऊलही टाकू नकोस. दुसरे म्हणतात, काही होत नाही गं. दोघांचंही ऐकू नका. एकेक गोष्ट वेगळी बघावी लागते.

कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. मिठी मारा, हात हातात घ्या, एका ताटात जेवा. काळजी घ्यायची ती औषधांची. केमो दिल्यावर साधारण ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत राहतो. काही औषधांचा त्याहूनही जास्त. या काळात ते भांडं, डायपर, भरलेल्या चादरी गरोदर बाईने हाताळू नयेत. दुसरं कुणीच नसेल तर हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घाला, कपडे वेगळे धुवा, कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा आणि नंतर साबणाने हात धुवा. केमोच्या गोळ्या असतील तर त्या फोडू, कुटू नका आणि उघड्या हातात घेऊ नका. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या फिनास्टराइड आणि ड्युटास्टराइड या औषधांनाही हाच नियम लावा. नाव साधं वाटतं, पण मुलगा असेल तर त्या गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

रेडिएशनबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. मशीनखाली झोपवून बाहेरून किरण देतात, त्या उपचाराने माणसाच्या अंगात काही उरत नाही. घरी आल्यावर खुशाल शेजारी बसा. पेट स्कॅनचं, म्हणजे कॅन्सर कुठे आहे ते बघायच्या तपासणीचं, तसं नाही. त्यात टोचलेलं द्रव्य काही काळ अंगात असतं, पण ते साधारण ११० मिनिटांत निम्म्यावर येतं, म्हणून प्रश्न त्या दिवसापुरता असतो. किती तास लांब राहायचं ते स्कॅन करणाऱ्यांना विचारा. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी देतात त्या रेडिओअॅक्टिव्ह आयोडीनला मात्र निम्म्यावर यायला आठ दिवस लागतात. तेव्हा तुम्हीच काही दिवस दुसरीकडे राहायला जाणं बरं. अंगात किरणोत्सारी कण कायमचे बसवले असतील, तर अंतर किती ठेवायचं हे लेखी मागून घ्या.

मग संसर्ग. आजाराने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला नागीण होऊ शकते, आणि नागीण कांजिण्यांच्याच विषाणूने होते. तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील किंवा लस घेतलेली असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही. तसं नसेल, किंवा आठवत नसेल, तर फोडांना हात लावू नका आणि संपर्क आला असेल तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. वेळेत कळलं तर त्यावर करण्यासारखं असतं. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस याबद्दल तपासणीला गेल्यावर विचारा. डांग्या खोकल्याची लस पुष्कळ देशांत २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात, म्हणजे आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण बाळाला जन्मतःच मिळतं.

३. उचलू नका, सरकवा

गरोदरपणात सांधे सैल होतात, पोटामुळे तोल पुढे जातो आणि कंबर आधीच ताणलेली असते. अशा अंगाने दुसऱ्या माणसाला उचलायचं नाही, मग तो कितीही वाळलेला असो. बाबा इतके हलके झाले होते की मला वाटायचं, सहज उचलेन. नर्सने दटावलं ते बरं केलं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर माकडहाड, कुल्ले आणि टाचांवर जखमा होतात. यासाठी एक युक्ती घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. एक मजबूत चादर दुहेरी करून गादीवर आडवी घाला, रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीच्या कडा गुंडाळत अंगापर्यंत आणायच्या, मुठीत घट्ट धरायच्या आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं. मग थोडं कुशीवर कलतं करून पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी आणि पोटऱ्यांखाली एक पातळ उशी, म्हणजे टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतात.

हे दोघे तुम्ही नसायचं. तुम्ही उशाशी उभ्या राहा, डोकं सांभाळा, 'आता डावीकडे वळवतायत हं बाबा' असं सांगत राहा. आणि कातडी तपासायचं काम घ्या. त्याला ताकद लागत नाही, नजर लागते. लालसर डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडत नसेल, किंवा एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम वा कडक लागत असेल, तर नर्सला लगेच सांगा. वर्ण सावळा असेल तर डाग दिसायच्या आधी हाताला कळतो.

माणूस पडायला लागला तर पकडायला धावू नका. तो पडू दे, डोक्याखाली उशी द्या, पांघरूण घाला आणि मदतीला बोलवा. उभं राहून बघणं फार जड जातं. तरीही हेच करा.

४. पाळ्या लावा आणि रात्र सोडून द्या

मदत करायला माणसं तयार असतात, पण 'काही लागलं तर सांग' एवढं म्हणून थांबतात. त्यांना नेमकं काम द्या. 'दादा, सोमवार आणि गुरुवार रात्री दहा ते सहा तू.' 'वहिनी, औषधांचा डबा दर रविवारी तुम्ही भरायचा.' रात्रीची पाळी गरोदर बाईने घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. हॉस्पिटलात थांबावंच लागलं तर तासाभराने उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. गरोदरपणात पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो आणि एका जागी तासन्‌तास बसल्याने तो आणखी वाढतो. २८ आठवड्यांनंतर झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर झोपा, खाट असो की आरामखुर्ची.

या दिवसांत स्वतःच्या प्रत्येक दुखण्याला 'ताणामुळे असेल' असं नाव देण्याची सवय लागते. माझं तेच झालं. म्हणून पुढची यादी पाठ करा, आणि घरातल्या आणखी एकाला पाठ करायला लावा:

- न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके
- चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक आलेली सूज
- बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखणं
- रक्त जाणं, पाणी जाणं, ताप
- एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा एकाएकी धाप लागणं
- बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं

पहिली तीन २० आठवड्यांनंतर वाढणाऱ्या रक्तदाबाची, प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणं असू शकतात. बाळाच्या हालचालींना ठरावीक आकडा नाही. तुमच्या बाळाची रोजची लय तुम्हाला माहीत असते, ती बदलली की त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका. आणि लाल पेनाची तारीख कुठल्याही निळ्या तारखेसाठी पुढे ढकलू नका. त्या दिवशी बाबांबरोबर दुसरं कुणीतरी जाईल.

५. बोलता येतंय तोवर विचारून घ्या

श्वासाचं मशीन लावायचं का, हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा का, शेवटचे दिवस घरी की हॉस्पिटलात, हे आईबाबा शुद्धीत असताना त्यांनाच विचारा. त्यांच्या वतीने निर्णय कोण घेणार, हेही ठरवा. ते लिहून ठेवण्याची कायदेशीर पद्धत देशोदेशी वेगळी आहे, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात किंवा वकिलाकडे चौकशी करा. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते: निर्णय घेणारी व्यक्ती एकट्या तुम्हीच असू नका. ऐन कळांमध्ये सहीसाठी फोन यायला नको. बँक, विमा, पासवर्ड हे काम भावंडांपैकी एकाने एका दुपारी बसून उरकावं.

६. दोन पिशव्या

३६वा आठवडा लागायच्या आत दोन पिशव्या दाराशी तयार हव्यात, एक बाळंतपणाची आणि एक आईबाबांची. दुसरी सहसा कुणी भरत नाही. तिच्यात औषधांची ताजी यादी, शेवटचे रिपोर्ट, अॅलर्जी, वर लिहून घेतलेली इच्छा, चष्मा, श्रवणयंत्र, फोनचा चार्जर आणि एक मऊ चादर ठेवा. पिशव्यांचे रंग वेगळे ठेवा. घाईत कुणीतरी चुकीची उचलतंच.

बाळासाठी सुरुवातीला लागतं ते थोडंच: कपडे, लंगोट किंवा डायपर, दुपटी, आणि पाठीवर झोपवायला सपाट, कडक गादी, तिच्यावर उशी किंवा मऊ खेळणी न ठेवता. बाकी नंतर आणता येतं.

७. तीन चिठ्ठ्या

हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. एका शांत संध्याकाळी नवरा, दादा आणि मी बसलो आणि तीन कागदांवर तीन शक्यता लिहिल्या.

पहिली: बाळ आधी आलं. मग आईबाबांजवळ पहिले दोन आठवडे कोण? तुम्ही नाही, हे धरूनच नावं लिहा.

दुसरी: आई किंवा बाबा आधी गेले. तुम्ही जवळ असायचं का, किती वेळ, कोण सोबत असेल? शेवटच्या दिवसांत माणूस खाणं कमी करतो, जास्त झोपतो, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. हे आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. जबरदस्तीने भरवू नका; त्या अवस्थेत अन्न त्यांना सुखाचं नसतं. ओठ ओले करा, बोलत राहा, ऐकू येत असेल असं धरून बोला. तिथे बसण्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही. रडण्यानेही होत नाही. उपाशी आणि तहानलेलं राहण्याने होतं, म्हणून तुम्हाला वेळेवर खाऊपिऊ घालायची जबाबदारी एका माणसावर टाका आणि त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा.

तिसरी: दोन्ही एकाच आठवड्यात. ही लिहिताना आमचे हात थांबले होते. तरी लिहा. तुम्ही प्रसूतिगृहात असाल तर वाईट बातमी लगेच सांगायची की बाळ झाल्यावर, हे तुम्हीच आधी ठरवा, म्हणजे बिचाऱ्या नवऱ्याला दाराबाहेर उभं राहून ठरवावं लागणार नाही. मी लिहिलं होतं, 'लगेच सांगा.' तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. प्रसूतिगृहातल्या नर्सलाही घरची परिस्थिती दाखल होतानाच सांगा.

भेट होईल की नाही अशी शंका असेल तर वाट बघू नका. पोटातलं बाळ साधारण सहाव्या महिन्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. आईबाबांचा हात पोटावर ठेवा, त्यांना बोलू द्या. डॉपलर, म्हणजे पोटावर लावून ठोके ऐकवणारं यंत्र, त्यावरचे बाळाचे ठोके फोनवर रेकॉर्ड करून त्यांना ऐकवा. त्यांचाही आवाज रेकॉर्ड करून ठेवा, भाषण नको, रोजचंच काहीतरी. माझ्याकडे बाबांचा 'पंखा जरा कमी कर गं' असं म्हणतानाचा आवाज आहे, आणि तो मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते.

८. बाळ घरी आल्यावर

घराची मांडणी एकदा फिरून बघा. वेदनाशामक औषधं कुलपात ठेवा. तीव्र वेदनेसाठी कातडीवर चिकटवतात तो फेंटानिलचा पॅच वापरून झाल्यावर चिकट बाजू आतून दुमडून, फार्मासिस्ट सांगेल तशी विल्हेवाट लावा. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, आणि तो बाळाच्या अंगाला चिकटला तर जिवावर बेतू शकतं. खोकला-सर्दी असलेला माणूस बाळाजवळही नको आणि आजाऱ्याजवळही नको. एकाच नियमाने दोघं सांभाळले जातात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर थेट डॉक्टरांकडे न्या.

ताणाने दूध कधीकधी उतरायला वेळ लागतो. बाळाला वारंवार छातीशी घेतलं की बहुतेक वेळा सुरळीत होतं. आणि मनाकडे बघा. बाळंतपणानंतरचं रडू सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, किंवा नकोसे विचार येत असतील, तर ते निव्वळ दुःख आहे असं समजून गप्प बसू नका. एडिनबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची साधी चाचणी १९८७पासून वापरात आहे, ती करून घ्यायची आहे असं डॉक्टरांना सांगा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर मात्र त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि एकट्या राहू नका.

पहिली भेट लांबवू नका. आजाऱ्याच्या पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, बाकी हात धुतले की पुरे. वेदनेचं औषध देऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल, वेदना उतरली असेल आणि माणूस जागा असेल, अशी वेळ निवडा. पलंगाची उशाची बाजू उचला, हाताच्या दोन्ही बाजूंना उशा लावा आणि बाळ उशीच्या आधाराने मांडीवर द्या. औषधाच्या गुंगीत हात सैल पडू शकतो, म्हणून एक माणूस पूर्ण वेळ बाळाखाली हात धरून बसेल. बाबांना बाळ पेलवत नव्हतं. आम्ही ते त्यांच्या कुशीला लागून ठेवलं, दादाने खालून हात दिला, आणि बाबांनी दोन बोटांत तिची टाच धरली. दहा मिनिटं होती ती. त्यांना झोप लागली तेव्हा दादाने हळूच त्यांची बोटं सोडवली आणि बाळ माझ्याकडे दिलं.